हिराकस, काळा पत्थर आणि समुद्र

(खराडी, पुणे येथील एका स्मृती-व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



समुद्रकिनाऱ्यापासून इतक्या अंतरावर, सह्याद्रीच्या पूर्वेकडील या पठारावर, समुद्राविषयी व्याख्यान योजण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न आपल्यापैकी कोणाच्या मनात आला असेल तर तो रास्तच आहे. आणि त्याचे उत्तर शोधण्यासाठी खराडीच्या शिवेबाहेर जाण्याचे कारण नाही. गावाच्या दक्षिणेकडून जी मुळा-मुठा वाहते, ती घाटमाथ्यावर पडलेल्या पावसाचे पाणी घेऊन पुण्याच्या संगमावरून येथवर येते, पुढे रांजणगाव सांडसजवळ भीमेत मिसळते, भीमा उजनीचे धरण ओलांडून रायचूरच्या मुलखात कृष्णेला मिळते, आणि कृष्णा श्रीशैल व नागार्जुनसागर मागे टाकून बंगालच्या उपसागरात विसर्जन पावते. शहराच्या मैलापाण्याने या नदीची जी विटंबना चालविली आहे तिच्याविषयी बोलू लागलो तर आजचा सगळा वेळ त्यातच जाईल, आणि जावा अशीच तिची योग्यता आहे. परंतु त्या घाणीखालीही हे पाणी एक फार प्राचीन काम निमूटपणे करीत आहे, आणि आजच्या विषयाचा आरंभ त्या कामापासून करणे मला इष्ट वाटते.

पावसाचा थेंब आकाशातून उतरताना, आणि मग वनस्पतींच्या मुळांनी श्वसन करून भारलेल्या मातीतून झिरपताना, कार्बन डायऑक्साइड, म्हणजे आपल्या जुन्या क्रमिक पुस्तकांतील कर्बवायू, आपल्यात विरघळवून घेतो. त्याचे अतिशय सौम्य असे आम्ल बनते. ते आम्ल आपल्या पायाखालच्या काळ्या पत्थरावर हळूहळू परिणाम करून त्यातील कॅल्शियम, मॅग्नेशियम इत्यादी धातू मोकळे करते. आणि या क्रियेत वायूचे रूपांतर बायकार्बोनेट नावाच्या क्षारद्रव्यात होऊन ते नदीवाटे समुद्रास मिळते. त्यातील काही अंश वाटेतच अडतो. आपल्या काळ्या जमिनीत नांगराच्या तासाला जे चुनखडीचे पांढरे खडे वर येतात, आणि जे भाजून घाणीच्या चुन्यासाठी वापरण्याची या प्रांतात जुनी रीत होती, ते याच अडलेल्या अंशाचे रूप होय. उरलेला अंश समुद्रात पोहोचतो आणि तेथे सुमारे लाख वर्षांच्या हिशेबाने वास्तव्य करतो. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भूगर्भातून उसळलेल्या लाव्हारसाचा हा पत्थर आजही ५ लाख चौरस किलोमीटरांच्या आसपास प्रदेश व्यापून आहे. आणि अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी कृष्णेच्या खोऱ्यातील व सह्याद्रीच्या उतारांवरील नद्यांच्या पाण्याचे पृथक्करण करून २००५ साली जो निबंध प्रसिद्ध केला, त्यावरून उष्ण आणि पावसाळी हवेतील असा पत्थर कर्बवायू शोषून घेण्यात इतर खडकांच्या किती पुढे आहे हे स्पष्ट होते. म्हणजे वातावरणातील कर्बवायू काढून समुद्राच्या हवाली करणे ही कोणा आधुनिक यंत्रज्ञाची कल्पना नसून, महाराष्ट्राची भूमी हा व्यवहार मनुष्यजातीच्या जन्माआधीपासून करीत आली आहे.

अडचण वेगाची आहे. पृथ्वीवरील सर्व खडक आणि सर्व नद्या मिळून वर्षाकाठी जेमतेम एक अब्ज टनांच्या आसपास कर्बवायू या मार्गाने शोषतात, आणि आपण कोळसा, तेल, नैसर्गिक वायू जाळून व सिमेंट भाजून त्याच एका वर्षात सुमारे ३७ अब्ज टन हवेत सोडतो. १९५८ साली हवाई बेटांतील मौना लोआ पर्वतावर नियमित मोजणी सुरू झाली तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत हा वायू ३१५ भाग होता; आज तो ४२० च्या वर गेला आहे. समुद्राने आजवर आपल्या उत्सर्जनाचा सुमारे चतुर्थांश आपण होऊन स्वीकारला, आणि त्याची किंमतही त्यानेच मोजली. औद्योगिक युगाच्या आरंभापासून त्याच्या पृष्ठजलाची आम्लता सुमारे पाव हिश्शाहून अधिक वाढली असून शंखशिंपल्यांना व प्रवाळांना आपली कवचे रचणे जड होऊ लागले आहे. तरीही समुद्राचा आवाका पाहता मनुष्याची दृष्टी त्याच्याकडे वळावी यात नवल नाही, कारण वातावरणात जेवढा कार्बन आहे त्याच्या सुमारे पन्नासपट, म्हणजे ३८,००० अब्ज टनांच्या घरात, तो समुद्रात विरघळलेल्या स्थितीत आहे. एवढ्या विशाल संचयात आणखी थोडी भर घालता आली तर हवा तेवढी हलकी होईल, हा तर्क सरळ आहे. परंतु त्या तर्काची परीक्षा प्रत्यक्ष समुद्रात कशी झाली, आणि त्या परीक्षेत आपल्या शेजारच्या गोव्यातील शास्त्रज्ञांनी कोणता वाटा उचलला, ही कथा मराठी वाचकांच्या फारशी कानावर गेलेली नाही. ती आज मला सविस्तर सांगावयाची आहे.

आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम १९६५ साली समाप्त झाल्यानंतर, तिच्यातून मिळालेल्या अनुभवाच्या पायावर, १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेची स्थापना झाली, आणि पुढे गोव्यातील दोना पावला येथे, मांडवी आणि जुवारी यांच्या मुखांमधील भूशिरावर, तिचे मुख्य ठाणे वसले. याच संस्थेतील डॉ. वाजिह नक्वी आणि जर्मनीतील ब्रेमरहाफेन येथील आल्फ्रेड वेगनर संस्थेतील डॉ. व्हिक्टर स्मेटाचेक, जे जर्मन शास्त्रज्ञ म्हणून ओळखले जात असले तरी आपल्याच कुमाऊंच्या डोंगरांत लहानाचे मोठे झाले, या दोघांच्या नेतृत्वाखाली २००९ साली दक्षिण महासागरात ‘लोहाफेक्स’ या नावाची मोहीम गेली.

मोहिमेमागील कल्पनेचा जनक अमेरिकेतील जॉन मार्टिन हा समुद्ररसायनज्ञ. दक्षिण महासागरात नायट्रेट-फॉस्फेटासारखी पोषणद्रव्ये विपुल असूनही तेथे सूक्ष्म वनस्पतींची वाढ तुटपुंजी का, या कोड्याचे उत्तर त्याने लोहाच्या अभावात शोधले, आणि १९८८ साली वुड्स होल येथील एका व्याख्यानात, अर्धे जहाजभर लोखंड मिळाले तर मी हिमयुग आणून दाखवीन, अशा आशयाचे उद्गार काढून श्रोत्यांना चकित केले. या तरंगत्या सूक्ष्म वनस्पती, म्हणजे वनस्पती-प्लवक, वाढतील, वाढताना कर्बवायू खातील, मेल्यावर खोल तळाशी बुडतील, आणि त्यांच्यासवे कर्बही शतकानुशतके तळाशी राहील, असा हा हिशेब होता. मार्टिन १९९३ च्या जूनमध्ये निवर्तला. त्याच्या सिद्धान्ताची पहिली खुल्या समुद्रातील चाचणी त्याच वर्षी ऑक्टोबरात गॅलापॅगोस बेटांजवळ झाली, आणि लोह टाकताच पाणी हिरवे होते एवढे तिने निर्विवाद दाखविले. हिरवे झालेले पुढे कोठे जाते, हा खरा प्रश्न मात्र बाकी राहिला.

‘पोलारस्टर्न’ हे हिमभेदी जहाज ७ जानेवारी २००९ रोजी केप टाउनहून निघाले. त्यावर जवळजवळ पन्नास शास्त्रज्ञ होते आणि त्यांतील निम्म्याहून अधिक भारतीय होते. जहाज बंदर सोडून गेले न गेले तोच कॅनडातील एका संघटनेने जाहीर हाकाटी केली की, जैवविविधता कराराच्या २००८ सालच्या बॉन येथील परिषदेने अशा प्रयोगांवर जो निर्बंध घातला त्याचा हा भंग आहे; जर्मनीच्या पर्यावरण खात्याने आक्षेप नोंदविला; आणि संशोधन खात्याने मोहिमेतील मुख्य प्रयोग तहकूब ठेवण्याचा हुकूम काढून त्रयस्थ संस्थांचे अभिप्राय मागविले. जहाज दक्षिणेकडे चालले होते, शास्त्रज्ञ योग्य भोवरा शोधीत होते, आणि त्यांनी लोह टाकावे की नाही याचा खल हजारो मैलांवर बर्लिनमध्ये चालला होता. अखेर २६ जानेवारीस परवानगी मिळाली. पुष्कळ शास्त्रज्ञांना त्या वेळी हा सारा प्रकार अज्ञानमूलक वाटला; आणि फेरस सल्फेट, म्हणजे आपल्याकडे रंगारी व शाई करणारे ज्याला पिढ्यान्‌पिढ्या हिराकस म्हणत आले ते द्रव्य, एवढ्या अफाट पाण्यात काय बिघडविणार, हा त्यांचा सवाल त्या प्रयोगापुरता बरोबरही होता. तरीसुद्धा मला आक्षेपकांचा रोष वाटत नाही. प्रयोग लहान असला तरी ज्या वृक्षाचे ते बीज होते तो वृक्ष लहान नव्हता. लोह टाकून कर्बाचे दाखले विकण्याचा मनसुबा काही व्यापारी मंडळींनी त्यापूर्वीच उघड केला होता. आणि समुद्र कोणा एका राष्ट्राच्या मालकीचा नसल्यामुळे, त्यात काही टाकावयाचे तर आधी विचारणे हा सभ्यतेचा भाग आहे. परवानगीस दोन आठवडे लागले, एवढ्याने विज्ञानाचे नुकसान झाले नाही.

भोवऱ्यातील वर्तुळाकार पाणी हे एक प्रकारचे निसर्गनिर्मित पात्र असते, म्हणून त्याची निवड. त्यात दोन वेळा, प्रत्येक खेपेस दोन टन लोह, हिराकसाच्या रूपाने विरघळवून सोडण्यात आले. लोहयुक्त पाण्याचा पट्टा सुमारे ३०० चौरस किलोमीटरांचा होता. आणि शास्त्रज्ञांनी ३९ दिवस त्याचा पिच्छा पुरवून पाण्याचे, प्लवकांचे, बुडणाऱ्या कणांचे नमुने रात्रंदिवस घेतले. अपेक्षेप्रमाणे हरितद्रव्य वाढले, जवळजवळ दुप्पट झाले. आणि मग अपेक्षेबाहेरचे घडले. वाढ डायाटमांची, म्हणजे सिलिकेचे कवच असणाऱ्या आणि त्या वजनाने लवकर बुडणाऱ्या वनस्पतींची, झाली नाही. कारण त्या भोवऱ्यातील सिलिका पूर्वीच होऊन गेलेल्या बहरांनी संपवून टाकली होती. वाढले ते सूक्ष्म, कवचहीन जीव. त्यांना कोपेपॉड नावाच्या बारीक कवचधारी प्राण्यांनी भराभर खाऊन टाकले. कोपेपॉडांवर त्यांच्याहून मोठे अँफिपॉड तुटून पडले, जे स्वतः माकुलांचे आणि देवमाशांचे खाद्य आहेत. आणि या सर्व भक्षणाच्या साखळीत कर्बाचा बहुतांश श्वसनावाटे पृष्ठभागीच पुन्हा पाण्यात मिसळून गेला. खोल पाण्याकडे जाणारा कर्बाचा ओघ लोह टाकल्यामुळे वाढल्याचे दिसले नाही. १७ मार्चला जहाज चिलीतील पुंता आरेनास बंदरास लागले, आणि थोड्याच दिवसांत दोन्ही संस्थांनी हा निष्कर्ष जगापुढे ठेवला. सविस्तर निबंध पुढील काही वर्षे प्रसिद्ध होत राहिले.

या घटनेचे मोल मला फार वाटते, आणि ते का वाटते हे सांगणे हाच आजच्या व्याख्यानाचा मुख्य हेतू आहे. याच स्मेटाचेक यांनी २००४ साली त्याच महासागरातील दुसऱ्या भोवऱ्यात केलेल्या प्रयोगात सिलिका विपुल होती, डायाटम फोफावले, आणि त्यांतील निम्म्याहून अधिक वस्तुमान एक हजार मीटरांखाली बुडाल्याचे त्यांनी २०१२ साली प्रसिद्ध केले. म्हणजे एकच लोह, एकच महासागर, आणि दोन भोवऱ्यांत दोन परस्परविरुद्ध निकाल. ज्या मनुष्याच्या हाती केवळ २००४ चा निकाल आला असता त्याने जगभर लोह टाकण्याची सनद मागितली असती. ज्याच्या हाती केवळ २००९ चा, त्याने सारी कल्पना मोडीत काढली असती. दोन्ही निकाल जसेच्या तसे दप्तरी दाखल झाले म्हणूनच आज आपल्याला हे कळते की, कर्ब बुडेल की नाही याचा निर्णय लोहावर अवलंबून नसून सिलिकेवर, भक्षकांवर, ऋतूवर आणि त्या पाण्याच्या पूर्वेतिहासावर अवलंबून आहे. आपल्या देशाचा पैसा, आपल्या देशाचे संशोधक आणि आपल्या किनाऱ्यावरील संस्था ज्या मोहिमेत होती, तिचा निकाल प्रतिकूल निघाला आणि तो लपविला गेला नाही, याचा अभिमान वाटण्यासारखी गोष्ट मला दुसरी फारशी दिसत नाही.

आता आपल्या समुद्राकडे वळू. अरबी समुद्र हा साधा समुद्र नव्हे. नैर्ऋत्य मोसमी वारे ओमान आणि सोमालियाच्या किनाऱ्याकडील पृष्ठजल दूर लोटतात, खालचे थंड, पोषणद्रव्यांनी समृद्ध आणि कर्बवायूने भरलेले पाणी वर येते, आणि त्यामुळे या समुद्राचा मोठा भाग हवेतून कर्बवायू घेण्याऐवजी हवेला देत असतो. नक्वी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली दाखवून दिले की पावसाळ्याच्या अखेरीस ओमानकडील पाण्यात नायट्रेट शिल्लक राहते तरी वाढ खुंटते, आणि याचे कारण बहुधा लोहाचा तुटवडा हेच असावे. एवढे वाचून एखाद्याच्या मनात येईल की, मग येथेच हिराकस टाकावे, दक्षिण ध्रुवाकडे कशाला जावे? तेथेच थांबले पाहिजे. कारण अरबी समुद्राच्या मध्यम खोलीत, सुमारे दीडशे मीटरांपासून हजार मीटरांपर्यंत, प्राणवायू जवळजवळ संपलेला असा एक प्रचंड थर आहे. वरून जितके सेंद्रिय द्रव्य अधिक बुडेल तितका तो थर अधिक उपाशी होईल. आणि अशा प्राणवायूहीन पाण्याच्या कडांवर जीवाणू नायट्रस ऑक्साइड तयार करतात, ज्याचा प्रत्येक टन शंभर वर्षांच्या हिशेबात कर्बवायूच्या २७० टनांहून अधिक उष्णता अडवितो. भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगत हा वायू वाढत्या प्रमाणात निर्माण होत असल्याचे याच नक्वींनी २००० साली ‘नेचर’ नियतकालिकात सप्रमाण मांडले होते. कर्बाचा एक टन घालविण्यासाठी याहून जहाल वायूला वाट करून देणे हा व्यवहार नव्हे, नुकसान आहे. मग प्रश्न केवळ कर्बाचा राहत नाही. पुण्यातील भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील रॉक्सी कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली असे दाखविले की, समुद्र तापल्यामुळे पश्चिम हिंदी महासागरातील वनस्पती-प्लवक सहा दशकांत २० टक्क्यांपर्यंत घटले असावेत. ज्या समुद्राचे मूळचे चराऊ कुरणच आटत आहे त्यात हस्तक्षेप करणाऱ्याने दुप्पट सावध असले पाहिजे.

जीवसृष्टीला खाऊ घालण्याऐवजी पाण्याची क्षारताच वाढवावी, म्हणजे मुळा-मुठेचे काम त्वरेने करावे, असा दुसरा पंथ आहे, आणि माझा कल त्याच्याकडे अधिक आहे. कारण त्यात समुद्राची आम्लता वाढत नाही, उलट कमी होते. पण त्याचाही जमाखर्च नीट मांडला पाहिजे. १०० टन शुद्ध चुनखडक भट्टीत भाजला की ५६ टन कळीचा चुना हाती येतो आणि ४४ टन कर्बवायू त्या खडकातूनच बाहेर पडतो, इंधनाचा धूर निराळा. तो ५६ टन चुना समुद्रात विरघळून जास्तीत जास्त ८८ टन कर्बवायू धरू शकतो, प्रत्यक्षात त्याहून काहीसा कमी. म्हणजे भट्टीचा वायू पकडून जमिनीखाली गाडण्याची सोय नसेल तर अर्धी कमाई भट्टीतच खर्ची पडली. त्यावर आणखी एक बारकावा असा की, क्षार टाकलेल्या पाण्याने हवेतून वायू ओढून घेण्यास महिने, कधी वर्षाहून अधिक काळ लागतो, आणि तोवर ते पाणी खोल बुडून गेले तर वसुली होतच नाही. म्हणून समुद्रात काय टाकले याच्या पावत्या दाखविणे पुरेसे नाही. हवेतून काय निघाले ते सिद्ध करावे लागते, आणि ते फार कठीण काम आहे.

याच पंथाचे एक रूप आपल्या अगदी जवळचे आहे. नगर रस्त्याने वाघोलीकडे गेले की दगडखाणी आणि खडी फोडणारी यंत्रे लागतात, आणि त्यांच्या धुळीने तेथील मजुरांच्या छातीचे जे होते ते सर्वविदित आहे. काळ्या पत्थराची अशीच बारीक भुकटी छत्तीसगढादी प्रांतांत लहान शेतकऱ्यांच्या भातखाचरांत पसरून नैसर्गिक झिजेचा वेग वाढविणाऱ्या ‘माती कार्बन’ या संस्थेला २०२५ साली कर्बनिष्कासनाच्या जागतिक स्पर्धेचे ५ कोटी डॉलरांचे पहिले पारितोषिक मिळाले. शेतात धरलेला कर्ब शेवटी बायकार्बोनेट होऊन नदीवाटे समुद्रातच जातो. तेव्हा शेतातील या उद्योगाचेही अंतिम खाते समुद्रच आहे. दख्खनचा पत्थर, काळी माती आणि मोसमी पाऊस ज्यांच्या वाट्याला आला त्या महाराष्ट्राने या विषयात मागे राहावे हे शोभत नाही असे मला वाटते. मात्र वाघोलीतील धुळीचा बंदोबस्त न करता कोणी तिला पर्यावरणसेवेचे नाव देऊ लागला, तर त्याला तेथेच अडविले पाहिजे.

श्रोतेहो, ज्या खराडीत आपण बसलो आहोत तेथे एका पिढीपूर्वी ज्वारी-बाजरीची शेते होती आणि आज संगणक-उद्योगाचे मनोरे आहेत. जगातील काही बलाढ्य संगणक-कंपन्या आपल्या उत्सर्जनाच्या भरपाईसाठी कर्बनिष्कासनाचे दाखले विकत घेतात, आणि त्या दाखल्यांचे हिशेब ज्या यंत्रणांवर ठेवले जातात त्या उभारणाऱ्या तरुण-तरुणींपैकी काही या सभेतही असतील. त्यांना माझी विनंती आहे की, एखाद्या दाखल्यावर ‘एक टन’ असा आकडा दिसला तर तो मोजलेला आहे की प्रतिमानावरून काढलेला, हे विचारण्याचा आपला हक्क सोडू नये. समुद्रात द्रव्य टाकून हवामान बदलण्याच्या व्यवहारांना कायद्याच्या चौकटीत आणण्यासाठी लंडन प्रोटोकॉलमध्ये २०१३ साली दुरुस्ती स्वीकारण्यात आली. पण पुरेशा राष्ट्रांनी तिला मान्यता न दिल्यामुळे ती अजून अंमलात आलेली नाही. कायदा मागे आणि बाजार पुढे अशी आजची स्थिती आहे.

म्हणून अरबी समुद्रात असा कोणताही प्रयोग करावयाचा झाला, आणि तो लहान प्रमाणावर, सरकारी संस्थांनी, विक्रीचा हेतू न ठेवता करावा असे माझे स्पष्ट मत आहे, तर त्याआधी तेथील पाण्याची मूळ स्थिती वर्षानुवर्षे नोंदलेली असली पाहिजे. गोव्यात कांदोळीच्या किनाऱ्यासमोर राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९९७ पासून एका ठरावीक ठिकाणी प्राणवायू, पोषणद्रव्ये व वायू यांची मोजणी करीत आली आहे; तशीच ठाणी रत्नागिरी आणि मालवणसमोर दीर्घ मुदतीसाठी हवीत. पावसाळी मासेमारीबंदी ३१ जुलैला उठते, होड्या बाहेर पडतात, आणि पुढे सप्टेंबर-ऑक्टोबरात प्राणवायूहीन पाणी किनाऱ्याजवळ सरकते. तेव्हा त्या दोन महिन्यांतील मोजणी कोणत्याही कारणाने चुकता कामा नये, आणि तिच्या नोंदी हर्णै, मिरकरवाडा व मालवण येथील तांडेलांना वाचता येतील अशा मराठीत, आणि गोव्यात कोकणीत, दरमहा बंदरावर लावल्या जाव्यात. मासळी कोठे आली, कोठे दिसेनाशी झाली, याची त्यांची माहिती त्याच दप्तरात तारीखवार घेतली जावी, आणि प्रयोगास परवानगी देणाऱ्या समितीत त्यांच्या सोसायट्यांचे प्रतिनिधी मताधिकारासह बसावेत.